मशीन बोलत नाही

रविवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. तू कसा आहेस हे विचारत नाही, कारण ‘मजेत’ याच्या पुढे तुझी गाडी जात नाही. वहिनीला सांग, स्वेटर अगदी मापात बसला.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू विषय बदलतोस आणि मी बदलू देते, म्हणून.

काल माळा आवरताना आपला कागदांचा खोका सापडला. धूळ झटकायला म्हणून बसले ती जेवण विसरून तिथेच बसून राहिले. काय दिवस होते रे ते! अ‍ॅपची एकेक स्क्रीन तू पेन्सिलने कागदावर काढायचास. आईच्या कापड बेतायच्या टेबलापाशी कोणालातरी बसवायचास, आणि त्याचं बोट कागदावर जिथे पडेल त्याप्रमाणे पुढचा कागद मी सरकवायचा. मी मशीन. तुझा नियम एकच होता: मशीन बोलत नाही, मशीन सुचवत नाही. तोंड बंद ठेवायला मला किती कष्ट पडायचे हे तुला ठाऊक आहे.

समोरचे पेन्शनर काका दाबण्याआधी कागदावर फुंकर मारायचे, आठवतं? आणि तो नळवाला! त्याच्या एका अंगठ्याखाली तुझी तीन बटणं गडप झाली. मी हसू दाबत होते, तू मात्र घाम पुसत सगळी बटणं मोठी करायला बसलास. तेव्हापासून आपल्याकडे बटण ‘एक नळवाला’ रुंद असायचं. माणूस चुकला तर चूक आपली, असं तू म्हणायचास. तेव्हा मला ते पुस्तकी वाटायचं.

मागच्या आठवड्यात तुझ्या लेकीचा फोन आला होता. शाळेच्या वाचनालयासाठी ती अ‍ॅप करते आहे. बाबांना दाखवायला गेले तर ते उठून लाकूड तासायला गेले, म्हणाली. जाताना एवढंच म्हणाले, ‘मला विचारू नकोस. माझ्या सख्ख्या आईला माझं बटण सापडलं नव्हतं.’ मग तिने मला विचारलं, आत्या, काय झालं होतं? मी म्हटलं, नंतर सांगते. गेली सात वर्षं मी हेच म्हणते आहे, फक्त स्वतःशी.

आता सांगते. मध्येच उठू नकोस.

दवाखान्याच्या अ‍ॅपची शेवटची चाचणी आईवर घेतलीस, तो दिवस आठव. ती ठेवणीतले कपडे घालून आली होती. चष्मा दोनदा पुसला. बोटाला शिवणकामाचा निळा खडू तसाच होता. कागदावर वर डॉक्टरीणबाईंचं चित्र आणि खाली बटण, ‘मला फोन करा’. तू खिडकीपाशी वहीत काहीतरी लिहीत होतास. आईने चित्रावर बोट ठेवलं. नियमाप्रमाणे मी मोठ्या चित्राचा कागद द्यायला हवा होता, पण तो सरकवला नाही. तिने पुन्हा चित्रच दाबलं आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, ‘मला नाही जमायचं गं.’

मी तिला ‘तुमचा निरोप पोचला, आम्ही फोन करतो’ हा कागद दिला.

तू मान वर केलीस तेव्हा आई हसत होती. तू वहीत लिहिलंस, ‘आई, एका दमात.’ पुढे महिनाभर भेटेल त्याला तेच सांगत होतास.

तिची मला दया आली, असं म्हणून मोकळी झाले असते. दया आलीही होती. पण दुसऱ्या दिवशी काम द्यायचं होतं, आणि ती अडली असती तर तू सगळ्या स्क्रीन पुन्हा काढून मला रात्रभर बसवलं असतंस. मला कंटाळा आला होता, दादा.

आई पडली त्या दुपारी तिने फोनवर त्या अ‍ॅपमध्ये चित्रच दाबलं. चित्र मोठं झालं, तिला वाटलं निरोप पोचला. आपल्याला कामात त्रास नको म्हणून आपल्याला फोन केला नाही. तू संध्याकाळी घरी पोचलास तोवर ती चार तास जमिनीवर, फोन उशाशी घेऊन, वाट बघत होती. महिन्याभरात तू अ‍ॅपचा धंदा सोडलास आणि गावही.

दवाखान्यात एकदा आम्ही दोघीच असताना आई म्हणाली, ‘तेव्हा तर चित्रावर दाबून झालं होतं.’ रागाने नाही, नुसतं नवल वाटल्यासारखं. मी खाली बघितलं, तेवढ्यात तिला कळलं. माझा हात धरून म्हणाली, ‘त्याला सांग हं.’ पुढे चार वर्षं ती काठी टेकत शिवणाच्या मशीनवर बसत होती. त्यात अजून दोनदा विचारलं, सांगितलंस का. मी ‘हो’ म्हटलं. तू कधी काही बोलला नाहीस म्हणून तिने तुलाच मोठ्या मनाचा मानलं. ती गेली तेव्हाही याच समजुतीत गेली.

म्हणजे तिला बटण सापडलं नाही असं नव्हे. चुकीची जागा मीच तिला शिकवली. तू ती चूक पाहिली असतीस, तर एका नळवाल्यासाठी केलंस ते आईसाठी केलंच असतंस. त्याच रात्री बसला असतास.

सोबत तो कागद पाठवते आहे. निळे ठिपके नीट बघ. दोन्ही चित्रावर आहेत. बटण कोरं आहे.

मला क्षमा कर असं लिहून दोनदा खोडलं. ते तू तुझ्या वेळेने ठरव. पण लेकीला पाठ दाखवू नकोस. ती कागद घेऊन बसली आहे, आणि ते सरकवायला तिच्याकडे कोणी नाही. म्हणालास तर मी येते. या वेळी बोट जिथे पडेल तिथलाच कागद देईन.

उशिरा का होईना, बोललेली
तुझी मशीन