शेरोनसाठी उपकारस्तुती

औरंगाबाद,
१२ जुलै २०१५

प्रिय सुकेशनीताई,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. तुमच्या आईंना आणि कडूबाभाऊंनाही माझा सलाम सांगा.

तुमचे भाऊ आज मोंढ्याच्या बाजारात आले होते, जाताना घरी डोकावले, म्हणून त्यांच्याच हाती ही चिठ्ठी देते. फोन तुम्ही उचलत नाही. त्याची तक्रार नाही, तुमच्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. पण चिठ्ठी नकोशी झाली तर बाजूला ठेवता येते.

इकडं आभाळ रोज भरून येतं आणि तसंच जातं. टँकर अजून चार दिवसांआड. आपल्या गल्लीसमोरचं मोकळं मैदान आठवतं ना? तिथं सात मजली बिल्डिंग उभी राहतेय. त्यांच्या बोअरला पाणी लागलं. रोज संध्याकाळी नव्या भिंतींवर पाणी मारतात आणि आपल्या गल्लीतल्या बायका रिकामे ड्रम घेऊन ओल्या सिमेंटचा वास घेत उभ्या असतात. बायपासपलीकडं आता शेत म्हणून दिसत नाही, नुसते प्लॉटचे दगड.

यांची रिक्षा सुरू आहे. माझ्याकडं ब्लाउज शिवायला येतात, पण कमी. आत्याबाईंचे गुडघे दुखतात, बाकी तब्येत ठीक. त्यांचं तुम्हाला माहीतच आहे. टँकर आला की "प्रभू, तुझे उपकार", नाही आला की "परवा आला होता, तुझे उपकार". आपण दोघी जावा सासूपाठीमागं तोंडाला पदर लावून हसायचो. आता त्या म्हणतात आणि मी भांडी आवरते.

भाऊजी कंपनीत जातात. तुम्ही नाही म्हणून जेवायला आमच्याकडंच असतात. जेवणाआधी प्रार्थना सुरू झाली की उठून बाहेर ओट्यावर जातात आणि आमेन ऐकू आलं की आत येतात. तुम्ही माहेरी गेल्यावर पहिल्याच रविवारी आत्याबाई सवयीनं म्हणून गेल्या, "दोन्ही लेकरांसाठी तुझे उपकार," आणि मग तोंडावर हात ठेवून बसल्या. तेव्हापासून भाऊजींचं असं चाललंय. त्यांना कुणी काही म्हणत नाही.

शेरोन बरी आहे.

एवढं लिहून मी उठले, पाणी गाळून ठेवलं, परत येऊन बसले. जाताना तुम्ही म्हणाला होतात, "एस्तेर, तिला माझ्यासमोर आणू नको, माझ्या तोंडून वाईटसाईट निघंल." म्हणून तिच्याबद्दल लिहायचंच नाही असं मी ठरवलं होतं. पण माझ्या बाळंतपणात तिला पहिली आंघोळ तुम्हीच घातली. लिहिलं नसतं तर तुम्हीच मनात विचारलं असतं.

जपून राहा. दोन घास खात जा.

तुमची धाकटी जाऊ,
एस्तेर


औरंगाबाद,
१४ ऑक्टोबर २०१५

प्रिय ताई,

सलाम. माझी चिठ्ठी तुम्ही वाचली, घडी घालून बायबलात ठेवली आणि बोलला काही नाही, असं कडूबाभाऊंनी सांगितलं. मला तेवढं पुष्कळ झालं.

पाऊस संपला म्हणायचा, सुरू झालाच नव्हता तरी. यांनी रिक्षात आता दोन कॅन ठेवलेत, उस्मानपुऱ्याकडं भाडं मिळालं की ओळखीच्या घरून भरून आणतात. आत्याबाई त्या कॅनकडं बघूनही हात जोडतात.

ताई, भाऊजी प्रार्थनेला का बसत नाहीत त्याचं मी मागं जे लिहिलं ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं आज लिहिते.

दवाखान्यात आपल्या दोघींच्या लेकरांच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. दोघांनी एकाच माठातलं पाणी प्यायलेलं, दोघांना एकाच दिवशी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. तुम्ही योएलला घेऊन गेलात तेव्हा शेरोन सलाइन लावलेली झोपली होती. जागी झाली आणि रिकामी खाट बघून म्हणाली, "योदादा कुठंय?" हे पटकन बोलून गेले, "लासूरला गेला, मोठ्या आईसोबत." पोर तेव्हा हातात राहील की नाही याची खात्री नव्हती. कुणी ते खोडून काढलं नाही. मग पंधरवड्यानं तुम्ही खरंच लासूरला माहेरी गेलात आणि ते खोटं पक्कं झालं.

तेव्हापासून रोज जेवणाआधी ती डोळे मिटून म्हणायची, "प्रभू, योदादा लासूरला मजेत आहे, थँक्यू. त्याला लवकर परत आण." आत्याबाई तोंड न उघडता आमेन म्हणायच्या. भाऊजी ओट्यावर जायचे ते हे ऐकायचं नाही म्हणून.

आता सभेचं. दवाखान्यात आत्याबाई पाळकसाहेबांसमोर बोलून गेल्या होत्या, की लेकरू घरी आलं की उपकारस्तुतीची सभा ठेवीन. मी टाळत राहिले. आधी म्हटलं ऊन आहे, मग म्हटलं शाळा सुरू झाली, मग म्हटलं एवढ्या माणसांच्या स्वयंपाकाला पाणी कुठून आणायचं. शेवटी त्या चिडल्या. "पाण्याची वाट बघत बसलो तर देवाचं नाव घेणंच व्हायचं नाय."

मी म्हटलं, "आत्याबाई, एका घरातली दोन लेकरं पडली, एक उठलं. मी आभार कशाचे मानू? निम्म्याचे?"

"निम्म्याचे मान. निम्म्यासाठी रड. पर अशी मुकी राहू नको. पोरीकडं बघून तू हसली नाय किती दिस झाले. तिला बी कळतंय."

ते खरं होतं. शेरोन खळखळून हसली की मी दार लावून घेत होते, आवाज भाऊजींच्या खोलीत जायला नको म्हणून.

गेल्या रविवारी सभा झाली. ओट्यापुढं मांडव घातला, मंडळीतली बरीच माणसं आली. गीतं झाली, पाळकसाहेबांनी वचन सांगितलं आणि म्हणाले, "आता शेरोनच्या आईनं साक्ष द्यावी." मी उभी राहिले. समोर सगळे बघताहेत आणि माझ्या डोळ्यांसमोर दवाखान्यातल्या तुम्ही, दोन्ही हात दोन खाटांवर ठेवलेल्या. मागून कुणीतरी बाई मला धीर द्यायला मोठ्यानं म्हणाली, "देवानं वाचवलं लेकराला! स्तुती असो!" तरी माझ्याकडून शब्द निघेना.

तेवढ्यात भाऊजी आले. पाळीवरून येत होते, कंपनीचा शर्ट अंगावर, पायात बूट तसेच. मांडवाच्या कडेला उभे राहून म्हणाले, "मी मानतो आभार. शेरोन वाचली, तिच्यासाठी मानतो. माझा योएल नाय वाचला. तो मेला. सहा वर्षं माझ्या घरात होता, त्याचे बी मानतो. आता बास." आणि खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

शेरोन नवा फ्रॉक घालून आजीच्या मांडीवर बसली होती. ती वळून माझ्याकडं बघत मोठ्यानं म्हणाली, "योदादा मेला?"

पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. यांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "हो."

त्या दिवसापासून ती हात जोडत नाही. ताटावर बसते, आम्ही प्रार्थना करतो, ती डोळे उघडे ठेवून भाकरीकडं बघत राहते. रडत नाही. आत्याबाईंनी समजावलं, यांनी चॉकलेट आणलं, उपयोग नाही. मी खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "मला मोठ्या आईला एक विचारायचंय." काय, ते सांगत नाही.

म्हणून येत्या दसऱ्यानंतरच्या शनिवारी मी तिला घेऊन सकाळच्या पॅसेंजरनं लासूर स्टेशनला येते. तुमच्या घरी येणार नाही. फलाटावरच्या बाकावर बसू आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाऊ. तुम्हाला यावंसं वाटलं तर या. नाही आलात तर मी तिला सांगेन, मोठ्या आईला आज जमलं नाही. याहून वेगळं काही सांगणार नाही. खोटं सांगून काय होतं ते बघितलं.

तुमच्यावर कसलीही सक्ती न करता,
एस्तेर


औरंगाबाद,
१ नोव्हेंबर २०१५

प्रिय ताई,

तुम्ही आलात.

मी धरून चालले होते की येणार नाही. रस्त्याच्या बाजूनं तुमची साडी दिसली तेव्हा मी बाटली घेऊन नळाकडं निघाले. नळाला पाणी नव्हतं, तरी तिथंच उभी राहिले, कारण तिला जे विचारायचं होतं ते माझ्यादेखत विचारता आलं नसतं. लांबून एवढंच दिसलं की तुम्ही बाकाच्या एका टोकाला बसलात आणि ती दुसऱ्या. मग ती काहीतरी बोलली आणि तुम्ही रुळांकडं तोंड फिरवलंत. मग तुम्ही सरकून तिच्याजवळ गेलात.

नंतर तुम्ही डबा उघडून तिला भरवलंत आणि माझ्याशी "पोहोचल्यावर कडूबाला कळव" एवढंच बोललात. गाडी हलल्यावर तिनं आपणहून सांगितलं.

म्हणाली, "मी विचारलं, मी बरी झाले म्हणून योदादा मेला का? आजी म्हणते देवानं मला वाचवलं. मग देवानं एकालाच वाचवायचं ठरवलं होतं का?"

ताई, मी तिची आई. एवढे दिवस हे पोरीच्या पोटात होतं आणि मला कळलं नाही. मी माझंच ओझं घेऊन फिरत होते.

"मग मोठी आई काय म्हणाली?"

"म्हणाली, मी दोघांसाठी मागितलं होतं. तू लहान, म्हणून तुझं नाव आधी घेतलं होतं. तुला दिलं. त्याला का नाय दिलं ते मला माहीत नाय. पण तुझ्यामुळं नाय." मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "मोठी आई म्हणली, मी अजून देवाशी बोलत नाय, पण तू बोलत जा. घरात कुणीतरी बोलायला पाहिजे."

बाहेर सगळी रानं काळी, उघडी पडलेली. मी तिला मांडीवर घेतलं, ती एवढी मोठी झाली तरी. डब्यातल्या बायका बघत होत्या, मी रडत होते, बघू दिलं.

त्या संध्याकाळी जेवायला बसलो. भाऊजी नेहमीसारखे उठून ओट्यावर गेले. शेरोननं हात जोडले. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. ती म्हणाली, "प्रभू, योदादा होता म्हणून थँक्यू. मी आहे म्हणून सॉरी."

मी तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, "सॉरी नाही शेरोन. सॉरी नाही म्हणायचं." आणि मग जे मांडवात सगळ्यांपुढं निघालं नाही, ते माझ्या तोंडून निघालं. "प्रभू, माझी शेरोन आहे, तुझे उपकार." मोठ्यानं म्हटलं. दार उघडं होतं, भाऊजींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आत्याबाई आमेन म्हणाल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. भाऊजी आत आले, बसले, जेवले. दुसऱ्या दिवशीही प्रार्थनेच्या वेळी उठून गेलेच.

म्हणजे फार काही बदललं असं नाही. आभार मानून मला हलकं वाटलं असंही नाही. उलट त्या दिवशी योएल फार आठवला. पण पोर माझ्या मांडीवर झोपली आणि मी दार लावलं नाही.

हे उपकार तुमच्यापाठीमागं मानून गप्प राहायचं नव्हतं, म्हणून लिहून कळवते. वाचून तुम्हाला राग आला तर येऊ द्या, तोही कडूबाभाऊंकडं निरोपानं पाठवा.

नाताळला या, असं लिहीत नाही. तुम्ही देवाशी बोलाल तेव्हा बोलाल. तोवर तुमच्या वाटचं मी बोलते. त्याच्याशी भांडायचं असेल तर तेही कळवा, तेही तुमच्या नावानं बोलेन.

तुमची,
शेरोनची आई,
एस्तेर