मामींचा आवाज आणि सत्तर टक्के

पेडगाव,
शनिवार

तीर्थस्वरूप व्यंकटमामांना महारुद्रचा दंडवत.

इकडे सर्व ठीक. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल, हरभऱ्याला घाटे धरले असतील आणि मनही शांत असेल. मन शांत नसेल तर हे पत्र जेवण झाल्यावर वाचा. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून कागद घेतला.

तुम्ही शेतातल्या मोटारीची पेटी माझ्या दुकानात दुरुस्तीला दिली होती. (लाइट आली की मोटार सुरू करून तुम्हाला फोन लावणारी ती पांढरी पेटी.) मोटार बंद असतानाही ती फोन लावायची आणि तुम्ही चारठाण्याच्या शिवारात उगाच हेलपाटे घालायचात. कंपनीने त्यावर नवी फाइल पाठवली. ती पेटीच्या मेमरीत लिहायची, एवढेच काम होते. पण ही मेमरी पाटीसारखी असते, एकेक तुकडा आधी पुसावा लागतो, मग त्यावर लिहिता येते. मधेच लाइट गेली तर जुनेही नाही आणि नवेही नाही. म्हणून आधी जुन्याची नक्कल काढायची, बॅटरी जोडायची आणि मगच हात लावायचा. हा नियम मी स्वतः दुकानाच्या भिंतीवर लाल रंगाने लिहिला आहे. (गिऱ्हाइकांसाठी.)

नक्कल मी काढली नाही. तिला वीस मिनिटे लागतात, आणि पंधरा वर्षांत माझा हात कधी चुकला नव्हता. बॅटरी आदल्या दिवशी चंद्रभान अप्पांच्या घरी भजनाच्या भोंग्यासाठी दिली होती, कारण अप्पा वारले होते. तरी मी लिहायला लावले.

सत्तर टक्के झाले आणि अप्पांची अंत्ययात्रा आमच्या रस्त्याला लागली. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. प्रेत पुढे जाईपर्यंत शटर अर्धे खाली आणि यंत्रे बंद. मी हात जोडून दारात उभा राहिलो. शेजारच्या सरजाबाईंनी त्यांची पिठाची गिरणी थांबवली, आणि रीतीत काही कमी राहू नये म्हणून आमच्या दोघांचा मिळून असलेला मेन स्विचही पाडला. मी असा ओरडलो की अप्पांना खांदा दिलेली चारही माणसे थांबली. "माणूस शेवटचं चाललंय, अन् तुमाला डब्याचं पडलंय व्हय?" सरजाबाई म्हणाल्या. मग मीही स्मशानापर्यंत चालत गेलो.

पेटी मेली. आणि मामा, तिच्यात छबूमामींचा आवाज होता. कंपनीच्या बाईचा आवाज परका वाटतो असे तुम्ही म्हणालात, म्हणून चार वर्षांपूर्वी मीच मामींना दुकानात बसवून "मोटार सुरू झाली" एवढे थेट पेटीतच भरून घेतले होते. मामींना जाऊन दीड वर्ष झाले, तरी फोन आला की तुम्ही अजून "बरं, येतो" म्हणता, हे मला माहीत होते. माहीत असून मी वीस मिनिटे वाचवली. ते वाक्य पुसले गेले, आता ते कुठेच नाही. मला फार लाज वाटते. रागवा, पण घरी येऊन रागवा.

तुमचा अपराधी भाचा,
महारुद्र

ता. क. पेटी नव्या फाइलवर चालू झाली आहे. या खेपेस नक्कल, बॅटरी, पडताळणी सगळे केले, आणि गावात कुणी फार आजारी आहे का हे सरजाबाईंना आधी विचारून घेतले. (त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.)

आणखी एक. नवे लिहिण्याआधी मेलेल्या पेटीची नक्कल काढली, तेव्हा कळले की लाइट गेल्यामुळे शेवटचा तुकडा पुसायचा राहिला होता. स्विच पडला नसता तर तोही गेला असता. (हे सरजाबाईंना अजून सांगितलेले नाही.) त्यात मामींची एक फसलेली खेप निघाली. त्या दिवशी भरून घेता घेता दुपार टळली होती आणि तुम्ही बाहेर बाकावर उपाशी बसला होता, आठवते? मामी मोटारीचे वाक्य अर्धे सोडून तुम्हाला म्हणतात, "आवं, तुमी आधी जेवून घ्या. मोटार काय पळून जायलीय का?"

एवढेच विचारायचे होते. हेच पेटीत भरू का? लाइट आल्याचे तुम्हाला त्यावरूनच ओळखावे लागेल, आणि जेवल्याशिवाय शेतात निघता येणार नाही.