चादरी बघायला आलेली बाई

मंगळवार, संध्याकाळ

आज क्लासात इंग्रजीतला नवा शब्द झाला, 'लर्क'. कुणाच्या नकळत दबा धरून बसणं. सरांनी वाघाचं उदाहरण दिलं.

घरी आले तर आई म्हणाली, "दुपारी तुज्या दुकानात आली ती मुलाची मावशी व्हती. स्थळ लई चांगलं, पण न्हाय म्हणाली. रंग कमी हाय म्हणं."

म्हणजे ती! ढीगभर चादरी उलगडायला लावल्या. दारातल्या उजेडात आण म्हणाली, आणि चादर सोडून मलाच बघत होती. एकही घेतली नाही. सगळ्या घड्या मी एकटीनं घातल्या.

पण ती तर परकी. सकाळी कपाटातून निळा ड्रेस काढून "आज ह्योच घाल, खुलून दिसतो तुला" म्हणाली, ती आई.