उतरवलेला चुडा

औरंगाबाद, मे १९९८

प्रिय आत्याबाई,

सासूला कुणी ‘प्रिय’ लिहीत नाही, ठाऊक आहे मला. पण ‘तीर्थस्वरूप’ लिहिलं की पुढं मनातलं बोलायचं धाडस होत नाही. हे पत्र यांच्याकडून वाचून घेऊ नका. तुम्ही सातवी पास आहात, अक्षरही मी मोठं काढलंय.

इथं ऊन लई आहे. हर्सूलच्या तलावाचं पाणी पार तळाला गेलंय. एम.एस्सी.चं शेवटचं काम तेवढं राहिलंय. तुम्ही मागं विचारलं होतं, तिथं नेमकं करतेस काय. तर उंदराच्या पेशी काचेच्या बाटलीत वाढवते. पेशी म्हणजे अंगाचा नुसत्या डोळ्यांना न दिसणारा कण. त्यांना खाऊपिऊ घालायचं, ऊब द्यायची. तान्ह्या लेकराचे नखरे परवडले. हवेतली बुरशी आत शिरली की सगळं नासतं.

माझ्या बाटल्या सारख्या नासत होत्या. शेवटी मॅडमनी माझे हात बघितले आणि म्हणाल्या, आधी बांगड्या काढ. तुम्ही कासाराकडून भरवलेला हिरवा चुडा. त्याच्याखाली स्पिरिट पोचत नव्हतं, आणि काचेची कड लागून हातमोजा फाटत होता. मी बांगड्या वर सारल्या, रुमाल बांधला, मॅडमशी हुज्जत घातली. नवरा जिता असताना हात रिकामे करायचे म्हणजे काय, हे मॅडमना काय कळणार, असं मनात धरून बसले. मग एकच बाटली उरली. ती नासली असती तर वर्ष वाया गेलं असतं, आणि दोन वर्षांच्या वर शिकू देणार नाही, हे घरात आधीच ठरलंय.

साबण लावून सगळ्या उतरवल्या. थोडी रडले. बाटली चांगली आहे, पेशी भराभर वाढतायत.

रविवारी तुमच्या लेकीच्या, आपल्या आशाच्या हळदीला येते. माझे हात बघून बायका कुजबुजतील. दोन दिवसांपुरत्या घाल म्हणाल, तर घालणार नाही. सोमवारी काढताना पुन्हा रडायचं, ते मला जमणार नाही. आणि तुमचा मुलगा तुमच्या डोळ्यांसमोर धडधाकट आहे. माझा चुडा उतरला म्हणून त्यांना साधी शिंक आली नसेल.

मामंजी गेले तेव्हा भावकीतल्या मनकर्णाबाईंनी तुमच्या बांगड्या फोडल्या. तेव्हापासून हळदीच्या वेळी तुम्ही आत चुलीपाशी बसता. यांच्या हळदीलाही भाकरी थापत होतात, आशानंच सांगितलं. विधवेचा हात लागला तर लेकराचं वाईट होतं, हे मीसुद्धा खरं मानत होते. आता मानत नाही. आशाला पहिली हळद तुम्ही लावायची आहे, तेवढं सांगायला हे पत्र लिहिलं. कुणी अडवलं तर मी तुमच्या शेजारी उभी असेन, अशाच रिकाम्या हातांनी.

तुमचीच,
द्वारका