लेओनोराच्या आवाजाचे पुस्तक आणि माझी इतर मिळकत

मी, नोएमी बारासा पोलो, वय वर्षे शहात्तर, धंदा पुस्तके लिहिणे, राहणार बारियो आबाखो वस्ती, शहर बारांकिया, नोटरीसाहेबांसमोर बसून सांगते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांविषयी विचारत नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून भुलवलेलेही नाही. ज्यांनी तसा प्रयत्न केला त्यांची आठवण खाली योग्य ठिकाणी येईलच. मला नवरा नाही, मूल नाही, आईवडील वारले आहेत. सबब जे माझे आहे ते कोणास द्यावे हे ठरवण्यास मी मुखत्यार आहे, आणि ते येणेप्रमाणे ठरवते.

पहिले. माझे राहते घर माझी भाची यादिरा हिला द्यावे. अट एकच: रस्त्याकडची खोली दुपारी वाचणाऱ्यांसाठी उघडी राहिली पाहिजे. अंगणातल्या झाडाचे आंबे शेजारी काठीने पाडतात, ते पाडू द्यावेत. मी जन्मभर ओरडले, उपयोग झाला नाही.

दुसरे. आईचा लाकडी पेटीतला रेडिओ माझा भाऊ आदाल्बेर्तो याला द्यावा. चार वाजले की गल्लीतल्या बायका आपापली स्टुलं घेऊन याच रेडिओभोवती जमत. कोणी तांदूळ निवडत असे, कोणी इस्त्री करत असे, आणि रोजच्या मालिकेतल्या लेओनोराचा आवाज आला की हात थांबत. आदाल्बेर्तो मुद्दाम त्याच वेळी दारातून ओरडे, “झालं का रडगाणं सुरू?” पुढे मी या मालिकेवर पुस्तक लिहायला घेतले तेव्हा तो म्हणाला, “नोए, अगं शिकलेली बाई तू. स्वातंत्र्ययुद्धावर लिही, सेनापतींवर लिही. बायकांच्या रडण्यावर कोणी पुस्तक लिहितं होय?”

मी म्हटलं, “सेनापतींसाठी आईनं कधी इस्त्री थांबवली नाही.”

रेडिओ त्याने कपाटात कोंडू नये. वाजवावा.

तिसरे. आता मुख्य मिळकत, म्हणजे ‘लेओनोराचा आवाज’ या माझ्या पहिल्या पुस्तकाचे हक्क. ते कोणत्या परिस्थितीत छापले गेले हे वारसांना माहीत असावे, म्हणून सविस्तर लिहिते.

मालिकेतली लेओनोरा ही मोठ्या जमीनदाराची मुलगी. साप्ताहिकात तिचा फोटो छापून येई: गोरी, लांब मानेची, हातात पंखा. बायका तो कापून कपाटाच्या दाराला चिकटवत. फोटोतली मुलगी सौंदर्यस्पर्धेतली होती, आयुष्यात कधी माइकपुढे उभी राहिली नव्हती. आवाज होता एउफेमिया कासियानीचा. एउफेमिया काळी, पालेंकेची, म्हणजे पळून सुटलेल्या गुलामांनी वसवलेल्या गावची. तिची आई डोक्यावर परात घेऊन नारळाच्या वड्या विकायची. लेओनोरा कोण हे कुठेही बोलायचे नाही आणि रेडिओ केंद्रात मागच्या दाराने यायचे, असे एउफेमियाकडून लिहून घेतले होते.

तिची आई मात्र पुढच्या दाराशीच बसे, कारण गिऱ्हाईक तिथे होते. लेओनोरा दिसेल म्हणून ताटकळणाऱ्या बायका वड्या खाता खाता तिला विचारत, “मावशी, तू रोज इथंच असतेस. तिला पाहिलंस का कधी?”

“पाहिलं म्हणजे? रोज सकाळी तिची वेणी मीच घालते.”

आणि सगळ्या पोट धरून हसत.

हे मला कसे कळले? मालिका बंद पडून बरीच वर्षे लोटली होती. मी वर्तमानपत्रात मुद्रिते तपासत असे. एकदा मासळीबाजारात रांगेत उभी होते. पुढची बाई कोळ्याला म्हणत होती, “हा मासा परवा गेला, भाऊ, आणि तुला त्याचं जरासुद्धा दुःख नाही.” तोच आवाज; मालिकेत बापाच्या मृत्युशय्येपाशी घुमलेला, आईची इस्त्री थांबवणारा.

मी पुढे घुसून म्हटलं, “लेओनोरा?”

ती वळली. “एउफेमिया. आणि रांगेत राहा, बाई.”

त्यानंतर रविवारमागून रविवार मी तिच्या ओसरीवर बसले. ती शिवणकाम करता करता सांगायची. मी केवळ तिचीच हकीकत लिहिली नाही. त्या आवाजाने या शहरातल्या बायका कशा बोलायला शिकल्या, नवऱ्याला ‘नाही’ कोणत्या सुरात म्हणू लागल्या, मुलींची नावे काय ठेवू लागल्या, हे सगळे दारोदार फिरून गोळा केले. हा या शहराचा इतिहास आहे असे मी तेव्हा म्हटले आणि आज शपथेवर म्हणते.

राजधानीतले प्रकाशक डॉन ओक्ताव्हियो लिसाराल्दे यांना पुस्तक फार आवडले. मुखपृष्ठावर त्यांनी पंखेवाल्या मुलीचा फोटो लावला. मी बसने डोंगर चढून त्यांच्या कचेरीत गेले.

“नोएमीबाई, लोक या चेहऱ्याला ओळखतात,” ते म्हणाले. “त्या दुसऱ्या बाईंना कोण ओळखतं?”

“म्हणूनच तर पुस्तक लिहिलंय.”

“आत लिहा ना मग, पाहिजे तेवढं. बाहेर चेहरा राहू द्या. विचार करा, असा प्रकाशक तुम्हाला पुन्हा भेटणार नाही.”

मी हस्तलिखित पिशवीत घातले. परतीच्या वाटेवर एउफेमियाला काय तोंड दाखवायचे, या एकाच विचाराने झोप लागली नाही. तिला सांगितले तर ती दोरा दातांनी तोडत म्हणाली, “वेडीच आहेस. मला मागचं दार सवयीचं होतं.”

“मला नाही,” मी म्हटलं.

पुस्तक छापले ते आनिबाल उक्रोस यांनी, ज्यांच्या छापखान्यात एरवी कार्निव्हलची भित्तिपत्रके निघत. त्यामुळे शाई भडक आहे आणि काही पाने तिरकी. मुखपृष्ठावर एउफेमिया, माइकसमोर, हसत नाहीये. शाळेच्या पटांगणात प्रकाशन झाले. बायका पुन्हा स्टुलं घेऊन आल्या. एउफेमियाने मालिकेतला शेवटचा प्रसंग वाचायला घेतला तशी पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने डोळे मिटले, मग उघडले, मग पुन्हा मिटले. वाचून संपल्यावर ती उठून म्हणाली, “म्हणजे ती वड्यावाली खोटं बोलत नव्हती. आणि आम्ही हसलो गं तिला!”

“ती पण हसायची,” एउफेमिया म्हणाली. “घरी येऊन.”

त्या आठवड्यात वस्तीतल्या बायकांनी पुस्तकाचे मुखपृष्ठ फाडून घेतले आणि कपाटाच्या दारांवर, जुन्या फोटोच्या जागी चिकटवले. बारियो आबाखोत माझ्या पहिल्या आवृत्तीची धड प्रत आजही सापडत नाही. मला पुढे मानपत्रे मिळाली, राजधानीत भाषणाला बोलावणे आले. पण एवढा मोठा सन्मान कुठल्या लेखकाला मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

सबब या पुस्तकाचे हक्क यादिराला. मुखपृष्ठ बदलण्याचा हक्क कोणालाही नाही.

चौथे. रंगवलेल्या अजस्र ध्वनिपेट्या आणि त्यांच्यामागे नाचणाऱ्या वस्त्या, कार्निव्हलचे मुखवटे करणारी घराणी, आणि केस कापण्याच्या दुकानांतले राजकारण या विषयांवरची माझी पुढची तीन पुस्तके व सर्व ध्वनिफिती शाळेच्या ग्रंथालयास द्याव्यात. फिती कोणा परदेशी संग्राहकाने मागितल्यास त्याला कॉफी पाजावी आणि इथेच बसून ऐकायला सांगावे.

पाचवे. डॉन ओक्ताव्हियो काही वर्षांनी स्वतः माझ्या घरी आले, नारळाचा भात आणि तळलेला मासा खाल्ला, आणि एउफेमियाच्याच चेहऱ्यासह दुसरी आवृत्ती काढण्याची परवानगी मागितली. ती मी दिली. क्षमा दिलेली नाही. माझ्या दफनाच्या वेळी मी क्षमा केली असे कोणी भाषणात म्हणाल्यास यादिराने त्याला मध्येच थांबवावे.

सहावे. एउफेमियाविषयी. घराची मागची खोली तिला द्यावी असे मी आधी लिहिले होते. मसुदा वाचून नोटरीसाहेब म्हणाले, “नोएमीबाई, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. एउफेमियाबाईंना एक तर खोली, नाहीतर साक्ष.”

“खोली घे गं,” मी म्हटलं. “साक्षीला काय, कोणीही मिळेल.”

“मला लेकीचं घर आहे.” मग तिने नोटरीसाहेबांना विचारले, “साक्षीदाराचं नाव मोठ्यानं वाचतात का हो?”

“वाचावंच लागतं. सगळ्यांसमोर, पूर्ण नाव.”

“मग मला साक्षीदार करा.”

सबब एउफेमिया कासियानी सालगादो हिला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी म्हटल्याप्रमाणेच आहे, म्हणून खाली सही करते.

नोएमी बारासा पोलो

साक्षीदार:
एउफेमिया कासियानी सालगादो, आवाज-अभिनेत्री
आनिबाल उक्रोस, मुद्रक
देल्फिना मेर्कादो, शेजारीण (आंबे पाडणारी)

बारांकिया, १४ मार्च २०१९