छत रंजनाचं, माग ललितचे

मी, भाईदास दगडू सोनवणे, राहणार लिंबायत, सुरत, लिहून ठेवतो की माझी छाती गेली असली तरी डोकं शाबूत आहे आणि कान गरजेपेक्षा जास्त शाबूत आहेत. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. माझी शेठची खुर्ची मनसुखभाई दलालाकडे पोचवावी. "तमे लोको कारीगर सारा, शेठ नहीं," असं तो म्हणाला होता, म्हणजे आम्ही कारागीर म्हणून चांगले, शेठ म्हणून नाही. बसून बघ म्हणावं.

२. कारखान्याची जागा व सर्व यंत्रमाग मुलगा ललित यास. तो अणुवीज केंद्रात नोकरीला आहे.

३. त्याच कारखान्याचं छत व त्यावरची सौर पॅनेलं मुलगी रंजना हिला. सुरतजवळच्या सचिन गावात तिचा पॅनेलं बसवण्याचा धंदा आहे.

खुलासा: सरकारने पैसा अणुविजेला द्यावा की सूर्याला, यावर ही दोघं जेवताना भांडत.
"तुना सूर्य रातले कोठे जास वं, ताई?"
"आन तुना भट्टीना कचरा पोरेसना पोरे सांभाळतीन का?"
मी हसत जेवायचो. दिवाळीत पाहुण्यांसमोर ललित बोलला, "ताई अनुदानाच्या भिकेवर जगते." ती म्हणाली, "तुझा पगार काय आभाळातून पडतो?" आणि ताटावरून उठली. तेव्हापासून अबोला. माग थांबलेले असले की मला कारखान्याच्या माडीवर खाटेवर सगळं ऐकू येतं. एकाची चप्पल जिन्याखाली थांबते, दुसऱ्याची उतरून गेली की मगच वर चढते. यांची आई भागीरथी असती तर दोघांना कानाला धरून आणलं असतं. माझ्याने आता उठवत नाही.

४. छतावर जायचा जिना कारखान्यातूनच राहील. दोघांच्या सहीशिवाय काहीही विकता येणार नाही.

वकीलसाहेब म्हणाले, "आबा, तुम्ही भांडण लावून चाललात."
म्हटलं, "लागू द्या हो. भांडायला तरी बोलावं लागेल."
दुसरा उपाय मला सापडला नाही. खूप शोधला.

५. शेठ गेला की गल्लीत माग बंद ठेवतात. माझे बंद ठेवू नयेत.

६. मला लाकडावर जाळावं, गॅसवर की विजेवर, हे मी लिहीत नाही. ललित व रंजना यांनीच ठरवावं, तेही खाली, चालू मागांच्या मध्ये उभं राहून. तिथे कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलता येत नाही. ठरेपर्यंत मला उचलू नये.

ठिकाण: लिंबायत, सुरत
दिनांक: ११ जानेवारी २०२६
सही: भाईदास दगडू सोनवणे

आमच्यादेखत सही केली:
१. सुकदेव तोताराम महाजन, मुकादम
२. ॲड. संदीप बोरसे