बावखलाचा कागद

ग्लेन,

आपलं बावखल बुजवायला माझी सही हवी म्हणून तू कॅनडाहून कागद पाठवलास. फोनवर म्हणालास, "त्या डबक्यात आहे काय?"

तू लहानपणी सोडलेलं कासव आहे. पाणकोंबडीची चार पिल्लं आहेत. मे महिन्यात उमेळ्यातल्या विहिरी मचूळ होतात आणि आपली गोड राहते, ती या डबक्यामुळे.

काल बिल्डरचा डंपर भराव घेऊन आला. मी फाटकात खुर्ची टाकून वाल सोलत बसले. ड्रायव्हर म्हणाला, "आंटी, हटो." म्हटलं, "टोपली संपू दे." वाट पाहून तो परत गेला. उद्या येईल. वालही पुष्कळ आहेत.

हे तुझ्याच कागदाच्या मागे लिहितेय, त्यामुळे पाठवणार नाही. खाली नावही घालत नाही. या कागदावर माझी सही कुठल्याच बाजूला नको.

तुझी मोठी बहीण